पाट्याची पायरी

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "अक्का, रविवारी ये की शुक्रवार पेठेत. आधी किल्ला दाखवतो, मग आपली गल्ली. ओळखणार नाहीस बघ. सगळं जुनं परत उभं केलंय," म्हणाला. "येते," म्हटलं आणि फोन ठेवला. मग विळी अशी काही चालवली की लेक स्वयंपाकघरात बघायला आली. ती पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. तिला म्हटलं, "रविवारी तुझ्या मामाकडे जायचंय. मला त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही. पण जायचंय."

किल्ल्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माझ्या आईचा पाटा हवा होता.

ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. घर एकत्र होतं. पुढच्या खोल्यांत काका, काकू आणि हा चुलतभाऊ, आणि मागच्या एका खोलीत आई नि मी. आईनं नातेपुत्याहून, म्हणजे तिच्या माहेराहून, लग्नात एक पाटा आणला होता. काळाभोर दगड, वरच्या बाजूला निमुळता, आणि रोज रगडून मधोमध खोलगट झालेला. शेंगाची चटणी उखळात कांडावी असं अख्खं सोलापूर म्हणतं. माझी आई ती पाट्यावर रगडायची, दगडावर तेल सुटेपर्यंत. ती चटणी पेठेत घरोघरी जायची आणि त्यावर आम्ही दोघी जगायचो. मी शिकले ती त्या पाट्यावर, हे मी शाळेत शिक्षिका झाल्यावर सगळ्यांना सांगायची.

काकूला त्या चटणीचा वास सहन व्हायचा नाही. "घर हाय का मसाल्याचं दुकान?" म्हणायची. आईच्या डोक्यावर तिनं वर्षानुवर्षं मिरी वाटली आणि एके दिवशी आमच्या गाद्या उचलून अंगणात टाकल्या. काका पेपर वाचत बसले. आईनं ट्रंक बाहेर काढली, भांडी काढली आणि शेवटी पाटा उचलायला वाकली. तर काकूनं पाट्याचं दुसरं टोक धरलं. "ह्यो घरचा हाय. ह्यो न्हाई मिळायचा." दोघींच्या ओढाताणीत पाटा चौकटीवर आपटला आणि त्याचा एक कोपरा उडाला. आईनं सोडून दिलं. मी नसतं सोडलं. तेव्हाही नसतं, पण मला कोण विचारतंय?

त्यानंतर आईनं भाड्याच्या खोलीत दुसऱ्यांच्या पाट्यावर वाटलं, मग मी नोकरीला लागल्यावर मिक्सरवर. मिक्सरची चटणी चाखून दर वेळी म्हणायची, "माझा पाटा राहिला बघ तिथं." दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही तेच. मी चुलतभावाला किती वेळा विचारलं असेल! दर वेळी एकच उत्तर, "कुठला पाटा, अक्का? फुटला असेल कधीच." आई गेली. पाटा राहिलाच.

तर रविवारी सकाळी जुळे सोलापुरातून रिक्षा करून आम्ही मायलेकी किल्ल्याच्या दारात उतरलो. चुलतभाऊ आधीच हजर. अंगात खादीचा कुर्ता, गळ्यात उपरणं, पायात कोल्हापुरी. हा माणूस आयुष्यभर टेरिकॉटच्या पँटीत फिरला. सोबत पाच-सहा पाहुणे होते, पुण्याचे नि हैदराबादचे. त्यांना तो जुनं सोलापूर दाखवणार होता, आणि आम्ही त्याच्या घराण्याचा पुरावा म्हणून आलो होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

किल्ला मात्र चांगला केला होता, खोटं कशाला बोलू? ढासळलेली तटबंदी परत बांधली होती, दगडाला दगड जुळवून. बुरुजावर जायच्या पायऱ्या नीट केल्या होत्या. खंदकातली झुडपं काढली होती. लहानपणी आम्ही तिथं बाग म्हणून यायचो, भेळ खायचो आणि घरी जायचो. राजे, बादशहा, तोफा यांचा विचार कधी मनात आला नाही. आता बुरुजावर उभं राहिलं की खाली सिद्धेश्वराचं तळं, मंदिराचं शिखर आणि पलीकडे सगळं गाव दिसत होतं. वारा होता. लेक म्हणाली, "आई, किती छान आहे!" मीही म्हटलं, "छान आहे," आणि घटकाभर खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात चुलतभावाचा आवाज आला. "आमचे पूर्वज या किल्ल्याचे किल्लेदार होते. म्हणजे त्या काळी आमच्या परवानगीशिवाय या दरवाज्यातून मुंगी आत जात नसे."

अगं बाई! मी लेकीकडे बघितलं. किल्ल्याशी आमच्या घराण्याचं नातं एकच, पणजोबांची म्हैस या खंदकात पडली होती. अर्धी पेठ दोर घेऊन तिला काढायला आली होती, आणि वर आल्यावर ती पणजोबांनाच ढुशी मारून पळाली. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगतात. हा बाबा ती ऐकतच मोठा झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेकीनं माझा हात दाबला. "आई, पाटा मागायचाय ना? मग गप बस." माझी लेक माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी गप्प बसले. खंदकाकडे बघून म्हशीची आठवण काढली.

दुपारी गल्लीत आलो. खरंच ओळखली नसती. फरशी दगडी, दिवे जुन्या धर्तीचे, सगळ्या घरांच्या दर्शनी भिंती एका रंगाच्या. लाकडी सज्जे नव्यानं बसवलेले. जिथं शिवणाची मशिनं धडधडायची तिथं आता कुंड्या. पाणी भरायला भांडणं व्हायची तो नळ काढून त्या जागी बाक टाकलेलं. चार-दोन म्हातारी माणसं दारात बसली होती, तेवढीच ओळखीची. आणि आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या पाडून, परत जुन्यासारख्या बांधून, चुलतभावानं तिथं कॅफे काढला होता. पितळी कड्यांचं मोठं दार, फेटे बांधलेले वेटर.

"या, या," तो पाहुण्यांना म्हणाला. "आणि पाय ठेवण्याआधी ही पायरी बघा. किल्ल्याच्या बुरुजाचा दगड आहे हा. आमच्या घराण्याला मिळालेला."

मी खाली बघितलं.

काळाभोर दगड. वरच्या बाजूला निमुळता. उजवा कोपरा उडालेला.

पालथा घातला होता. खोलगट बाजू खाली, सिमेंटात. जिथं आईचा हात इतकी वर्षं फिरला ती बाजू खाली, आणि वर लोकांचे बूट. एका पाहुण्यानं माझ्यासमोर त्याच्यावर बुटाचा चिखल घासला, अगदी सवयीनं, पायपुसण्यावर घासतात तसा, आणि आत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी हातात वरवंटा असता तर मी काय केलं असतं ते इथं लिहीत नाही.

मी पायरीवरून पाय लांब टाकून आत गेले. चुलतभावाला कोपऱ्यात घेतलं. "हा माझ्या आईचा पाटा आहे."

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अक्का, हळू बोल. चारचौघांत तमाशा नको."

"फुटला म्हणालास."

"मागं परसात पडला होता गं. गवंड्याला आकार आवडला. आता तो बांधकामात गेला. काढायचा तर सगळी पायरी फोडावी लागेल."

"फोड. मी नवी पायरी घालून देते."

तो हसला. पाठीवर हात ठेवून हसला, वेड्या माणसाची समजूत काढतात तसं. "अक्का, दगडच आहे की गं. दगड शेवटी पायाखालीच जायचा. बस, जेवून घे."

आणि समोर ताट आलं. कडक भाकरी, झुणका, आणि वाटीत शेंगाची चटणी. चुलतभाऊ पाहुण्यांना सांगत होता, "ही आमच्या घराण्याची पारंपरिक चटणी. माझ्या आईच्या हातची रीत." ज्या चटणीच्या वासापायी आमच्या गाद्या अंगणात पडल्या, ती आता काकूच्या हातची झाली होती! मी बोटावर घेऊन चाखली. मिक्सरची होती. कोरडी ठक्क. ताट सरकवलं आणि उठले.

"आई, आता काय?" लेक मागं धावली.

"तू ये. गल्लीच्या तोंडाला पूजेच्या सामानाचं दुकान होतं. ते तरी ठेवलंय का बघू."

ते ठेवलं होतं. मी हळद घेतली, कुंकू घेतलं, नारळ, उदबत्ती, पणती, तेल, झेंडूची फुलं, आणि दुकानदाराकडून एक कोरा कागद, पेन नि तांब्याभर पाणी मागून घेतलं. कागद-पेन बघितल्यावर लेकीला समजलं. "पाचवी?" म्हणाली. "कुणाची?" मी म्हटलं, "बघत राहा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी आमच्याकडे पाटा-वरवंटा मांडून पुजतात. तीच सटवाई. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं, म्हणजे ती येऊन बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. त्या घरात पाटा एकच होता. माझी पाचवी त्याच्यावर झाली, आणि चुलतभावाचीही. त्याची मांडणी माझ्या आईनं केली होती, कारण काकू तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होती. मी भिंतीला टेकून उभी होते, मला आठवतंय. किल्लेदाराच्या वंशजाचं नशीब ज्या दगडावर लिहिलं, तोच त्यानं गिऱ्हाइकांच्या बुटाखाली घातला. आपल्या घरातलं काही म्हणजे काही ठाऊक नसलेला माणूस, आणि निघाला गावाला परंपरा शिकवायला!

उन्हं कलली होती. बायका दारात यायची ती वेळ. मी पायरीसमोर बसकण मारली, पदर खोचला, तांब्यातल्या पाण्यानं दगड स्वच्छ धुतला. आईला न्हाऊ घालावं तसा चोळून धुतला. मग हळद-कुंकवाची बोटं ओढली, फुलं वाहिली, पणती लावली, कागद-पेन ठेवलं आणि नारळ फोडला. हात जोडले. मनात म्हटलं, आई, बघ हं आता.

समोरच्या घरातल्या म्हातारबाई उठून आल्याच. "काय गं, तू तिची पोर न्हवं? चटणीवालीची? हे काय मांडलंयस?"

"सटवाई आहे, मावशी. या घरातल्या पोरांच्या पाचव्या या पाट्यावर पुजल्यात. लोक बूट घालून नाचतायत त्याच्यावर."

यातला एक शब्द खोटा नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

मावशींनी गालावर हात मारून घेतला. "अगं आई आई आई! पाचवीचा पाटा पायाखाली?" त्यांनी आधी चपला काढल्या, मग डोकं टेकवलं. मग त्यांची सून तान्हं बाळ घेऊन आली. तिनं बाळाचं कपाळ पाट्याला लावलं. मग शेजारची, मग पलीकडची. कॅफेच्या दारात चपलांचा ढीग झाला आणि आतले पाहुणे ताटं सोडून मोबाइल घेऊन दारात आले. बाहेर यायला वाट नव्हती. मधोमध सटवाई.

चुलतभाऊ वेटरांना बाजूला सारत आला. "हे काय चाललंय? हा किल्ल्याचा दगड आहे! बुरुजाचा!"

"किल्ल्याचा काय?" त्याच्या पाठीमागून आवाज आला. काकू. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत, आतल्या खोलीतून गलका ऐकून आली होती. तिनं पणती बघितली, कुंकू बघितलं, उडालेला कोपरा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. तिला सगळं समजलं, आणि मला समजलं की तिला समजलं. पण गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि देवीला नाही कोण म्हणणार? ती तर नाहीच. तिच्याच पोराचं नशीब होतं त्यावर.

"पाचवीचाच पाटा हाय त्यो," काकू पोराला म्हणाली. "तुजीबी पाचवी ह्याच्यावरच केली. वाक."

तो वाकला. खादीच्या कुर्त्यात, पाहुण्यांसमोर, माझ्या आईच्या पाट्यावर कपाळ टेकलं. लेकीनं फोटो काढला. मी कधी कधी अजून बघते.

पुढचं सगळं आपोआप झालं, मला बोट लावावं लागलं नाही. मंगळवार-शुक्रवार बायका यायला लागल्या. कुणी खण वाहिला, कुणी नैवेद्य ठेवला. बाळंतिणीच्या घरून सवाष्णी वाजतगाजत येऊ लागल्या. कॅफेत जायचं तर चपला काढून, देवीला वळसा घालून, अंग चोरून जावं लागायचं. नैवेद्याला मुंग्या, मुंग्यांमागं शेरडं. एक शेरडू आत जाऊन टेबलावरच्या कुंडीतली फुलं खाऊन आलं म्हणे. शेंदूरही कुणीतरी फासला. पुण्याचे लोक येईनासे झाले. हे मला मावशींची सून फोन करून सांगायची आणि मी, खोटं नाही सांगत, दोनदा सांगायला लावायची.

दिवाळी झाल्यावर चुलतभावाचा फोन आला. आवाजात किल्लेदार उरला नव्हता. "अक्का, चुकलं. तो पाटा तू घेऊन जा गं. गवंडी हात लावायला तयार नाही, बायका ऐकत नाहीत. पण तू उत्तरपूजा केलीस की गवंडी फोडून काढून देईल, आणि कुणी बोलणार नाही. पाया पडतो."

आईचा पाटा घरी! मी ओट्याशेजारची जागा मोकळी केली, तिथं जुनी सतरंजी घातली आणि रिक्षा करून गेले.

गल्लीत दुपारची सामसूम होती. पायरीपाशी काकू एकटीच होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कुंकवाची कोयरी. ती वाकायचा प्रयत्न करत होती. गुडघा दुमडत नव्हता. अर्ध्यात अडकायची, कण्हायची, चौकटीला धरायची, परत वाकायची. अशाच एका चौकटीवर पाट्याचा कोपरा उडाला होता. शेवटी कसंबसं बोट दगडाला लागलं. वळून बघितलं तर मी उभी.

"आलीस?" म्हणाली. धाप लागली होती. "ने बाई आता. तुज्या आईचा हाय, मला काय ठावं न्हाई व्हय? रोज वाकावं लागतं. न्हाई वाकलं तर पेठ बोलतीया. गुडघं ऱ्हायलं न्हाईत माजं. ने उचलून. लई झालं."

मी पाट्याकडे बघितलं. शेंदूर, हळद, सुकलेली फुलं. मला काय न्यायचं होतं ते खाली होतं, सिमेंटात. तो खोलगट भाग, ज्यात माझी सगळी पुस्तकं, वह्या, फिया आणि आईचे दोन्ही खांदे गेले. एक पूजा केली की तो माझा होता. संध्याकाळी मी त्याच्यावर चटणी रगडली असती.

"काकू," मी म्हटलं, "माझ्या आईला पण गुडघे होते."

ती काठी घट्ट धरून उभी राहिली.

"ती रोज वाकायची. तुमच्यासाठी सुद्धा वाटायची. त्या दिवशी हा पाटा उचलायला वाकली होती, तेव्हा तुम्ही धरलात. घरचा आहे म्हणालात. मग घरीच राहू दे."

"पोरी," काकू म्हणाली.

आई असती तर तिनं कोयरी आधी काकूच्या हातातून घेतली असती. तिला धरून खुर्चीत बसवलं असतं, स्वतः कुंकू वाहिलं असतं, आणि मग पाटाही नेला असता, निदान तिचं वाकणं सुटावं म्हणून. मला ठाऊक आहे. मी तिची लेक आहे, ती नाही. मी चपला काढल्या, पाट्याला हात लावून नमस्कार केला, चपला घातल्या आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "चला, जुळे सोलापूर."

घरी येऊन सतरंजी घडी करून ठेवली. मिक्सर काढला. शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ. चटणी कोरडीच झाली.